पाण्यात पालथ्या पडणाऱ्या काकू

मुंबईत खोली शोधत फिरणाऱ्या एकट्या मुलीला काय काय विचारतात ते मला तोपर्यंत पाठ झालं होतं. नॉनव्हेज खातेस का, मित्रबित्र येणार का, रात्री कितीला येतेस, गावाला कोण असतं. चारकोपच्या त्या काकूंनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "पोहता येतं का तुला?"

मला वाटलं, पावसाळ्यात खाली पाणी भरत असेल. म्हटलं, "येतं. सांगलीची आहे मी, कृष्णेत शिकले."

"आणि सकाळी लवकर उठतेस?"

"उठवलं तर उठते."

"मग ये राहायला," त्या म्हणाल्या आणि आत निघून गेल्या. नॉनव्हेजचं विचारलंच नाही. माझं नाव त्यांनी दुसऱ्या दिवशी विचारलं, तेही मी सामान लावत असताना, जाता जाता.

त्या काकू गेल्या. परवा त्यांच्या सोसायटीतल्या एका बाईंनी फोन करून सांगितलं. झोपेतच गेल्या म्हणे, त्रास काही झाला नाही. मग त्या बाई म्हणाल्या, "बाकी तुमची मालकीण विक्षिप्तच होती हो." मला इतका राग आला की मी फोन ठेवून दिला. विक्षिप्त होत्याच, मी कुठे नाही म्हणते? पण ते म्हणायचा हक्क माझा आहे. दोन वर्षं मी त्या बाईच्या शेजारी गळ्याएवढ्या पाण्यात उभी राहिलेय.

साठीच्या आसपासच्या होत्या. मूळच्या मालवणकडच्या, लग्न होऊन गिरणगावात आलेल्या, काकांची गिरणी बंद पडल्यावर चारकोपच्या सेक्टरमध्ये दोन खोल्या घेतलेल्या. सगळी नोकरी टेलिफोन खात्यात. काका केव्हाच गेलेले. बोलणं मुंबईचं, तुकडा पाडणारं, आणि फारच राग आला की मालवणी. दिसायला अगदी कुणाच्याही काकू. भाजीवाल्याशी घासाघीस करणाऱ्या, कोथिंबीर फुकट मागणाऱ्या.

पण घरात राहायला लागले आणि माझी वाट लागली. मी गोरेगावला एका सिरियलच्या सेटवर कपडेपट सांभाळायचे. संध्याकाळी घरी येऊन तिथल्या कटकटी काकूंना सांगायला लागले, की ऐन रंगात आलेल्या ठिकाणी त्या एक बोट वर करायच्या आणि गप्प व्हायच्या. गाल फुगवलेले नाहीत, डोळे मिटलेले नाहीत, माझ्याकडे बघत नुसत्या बसलेल्या. कुकरच्या शिट्ट्या होऊन जायच्या. मग नाकातून सावकाश श्वास घेऊन म्हणायच्या, "हं, मग? काय म्हणाला तो तुझा डायरेक्टर?"

टीव्ही बघतानाही तेच. जाहिराती लागल्या की काकूंचा श्वास बंद, सिरियल सुरू झाली की चालू. सणासुदीला जाहिराती लांबायच्या तेव्हा माझाच जीव टांगणीला लागायचा. धुतलेले कपडे वाळत घालायचे तर बादलीपासून दोरीपर्यंतच्या सगळ्या खेपा एका श्वासात. मधेच बेल वाजली तर दार उघडायच्या, बोट दाखवायच्या, आणि कुरिअरवाला बिचारा तसाच उभा. एकदा समोरच्या बाई कढीपत्ता मागायला आल्या. बघतात तर काकू स्वयंपाकघरात खाली बसून मोठ्या पातेल्यात तोंड बुडवून पालथ्या. त्यांनी अशी किंकाळी फोडली की सगळी विंग गोळा झाली. काकूंनी पातेल्यातून तोंड वर काढलं, पदरानं पुसलं आणि विचारलं, "काय गं? कोण मेलं?"

दुसऱ्यांच्या श्वासातही त्या नाक खुपसायच्या. मला म्हणायच्या, "तू खांद्यांनी श्वास घेतेस. खांद्यात काय फुप्फुसं आहेत? पोटानं घे." एकदा रिक्षावाल्याला सिग्नलला मागून सांगितलं, "भाई, साँस छोड़ते नहीं हो तुम, इसलिए ग़ुस्सा आता है." तो चक्क म्हणाला, "सही बात है माँजी," आणि लिंक रोड येईपर्यंत मोठमोठे सुस्कारे टाकत राहिला.

या सगळ्याला फ्रीडायव्हिंग म्हणतात, हे मला त्या घरात कळलं. पाठीवर सिलिंडर नाही, तोंडात नळी नाही. छातीत मावेल तेवढी हवा घ्यायची आणि पाण्यात जायचं. कुणी समुद्रात दोरी धरून खोल उतरतं, कुणी तलावात पाण्याखालून लांबवर पोहतं. काकू करायच्या तो यातला सगळ्यात कंटाळवाणा प्रकार. पाण्यावर पालथं पडायचं आणि श्वास रोखून नुसतं राहायचं. स्टॅटिक म्हणतात त्याला. याच्या स्पर्धा होतात, विक्रम होतात, लोक त्यासाठी देशोदेशी जातात. बघणाऱ्याला मात्र पाण्यावर प्रेत तरंगतंय असंच वाटतं.

आम्ही जायचो त्या पोहण्याच्या तलावातल्या लाइफगार्डलाही तेच वाटलं. कांदिवलीतल्या त्या तलावात सकाळी बायकांची बॅच असायची. अर्ध्या बायका कठडा धरून साबुदाणा भिजवण्यावर बोलत असायच्या, अर्ध्या खरंच पोहायच्या. पहिल्या दिवशी काकू कोपऱ्यात पालथ्या पडल्या. मी शेजारीच उभी, पण मला कुठे काय माहीत होतं? लाइफगार्ड मुलीनं शिट्टी फुंकली, उडी मारली आणि काकूंच्या काखेत हात घालून त्यांना फरफटत पायऱ्यांपर्यंत आणलं. काकू हातपाय झाडत ओरडत होत्या, "सोड गो माका, जिती आसंय मी!" साबुदाण्याच्या बायका धावत आल्या. पुढे त्या लाइफगार्डशी काकूंची छान गट्टी जमली, तिला रव्याचे लाडू मिळायला लागले, पण पहिला महिनाभर ती आमच्याकडे बघून कपाळाला हात लावायची.

मला का ठेवून घेतलं ते तेव्हा उलगडलं. या खेळाचा पहिला नियम म्हणजे एकट्यानं करायचं नाही. कितीही पट्टीचा असो, शेजारी पाण्यात एक माणूस हवाच, आणि त्या माणसानं दुसरं काही करायचं नाही, फक्त बघायचं. काकूंना भाडेकरू नको होती, बघणारी हवी होती. मी म्हटलं, "काकू, आधी सांगायचं तरी." तर म्हणाल्या, "सांगितलं असतं तर आली असतीस?"

बघायचं कसं, तर मधून मधून खांद्याला हलकं बोट लावायचं. पाण्यातल्या माणसानं उत्तरादाखल एक बोट वर करायचं. म्हणजे शुद्धीवर आहे. मी बोट लावायचे, काकूंचं बोट वर यायचं. खूप वेळ झाला की पोट आतून उसळ्या मारायला लागतं, कोरड्या उचक्यांसारखं. शरीर श्वास मागत असतं. काकू त्याला 'दार वाजणं' म्हणायच्या. "पहिल्यांदा वाजतं तेव्हाच उघडायचं नसतं. हवा अजून शिल्लक असते, वाजवणारा उगाच घाई करत असतो." त्यांच्या पाठीवर ती उसळी दिसायला लागली की मी लगेच खांद्याला बोट लावायचे. तरी बोट वर यायचं. एका श्वासात एखादं गाणं सुरू होऊन संपावं इतका वेळ त्या सहज राहायच्या.

एकदा त्यांनी कपाटातून रबरासारख्या जाड कापडाचा, पाण्यात घालायचा काळा सूट काढला आणि माझ्यापुढे टाकला. "हा मला बसेल असा करून दे. तुझं कामच आहे ना ते?" मार्केटमधल्या टेलरकडे त्या आधी जाऊन आल्या होत्या. त्याची सुई मोडली आणि त्यानं हात जोडले. मी सूट उलटा केला. खांदे रुंद, छाती मोठी, पायांची लांबी काकूंच्या दीडपट. पुरुषाचा होता, आणि वापरलेला.

"कुणाचा आहे?"

"माझ्या मुलाचा."

"मग त्याला लागणार नाही?"

"नाही."

"कुठे असतो तो?"

"नसतो," काकू म्हणाल्या आणि वाटाणे सोलायला लागल्या.

मी तो सूट चार दिवस उसवत आणि शिवत बसले. कापड चिवट, बोटांना भोकं पडली. तेवढ्या दिवसांत, कधी भाकरी थापताना तर कधी दारात उभं राहून, माझ्याकडे न बघता, काकूंनी तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. एकुलता एक. इंजिनिअर. अंदमानला फिरायला गेला आणि तिथून हे वेड घेऊन आला. एका स्पर्धेत पदकही मिळालं होतं. पुढच्या स्पर्धेची तयारी करायला गोरेगावला मित्राच्या कॉम्प्लेक्समधल्या तलावात जायचा. त्या दुपारी मित्र ऑफिसातून निघाला आणि ट्रॅफिकमध्ये अडकला. यानं त्याची वाट बघितली नाही. मित्र पोचला तेव्हा सगळं आटपलं होतं.

"मी घरी होते," काकू म्हणाल्या. "दुपारची जेवून आडवी झाले होते. गाढ झोपले होते गं मी."

डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्याला काही कळलं नसेल, दिवा मालवल्यासारखं झालं असेल. त्याच्या मित्रांनी सांगितलं, नातेवाइकांनी सांगितलं, स्मशानातून परत येताना कुणीतरी सांगितलं. काकूंचा कुणावरच विश्वास बसला नाही. "हे सगळ्या आयांना सांगतात," त्या म्हणायच्या. "दुसरं काय सांगणार? तडफडला म्हणून सांगणार?" पुढे एकदा त्यांनी बाथरूममधल्या बादलीत तोंड घातलं, कसं असतं ते बघायला. पोट उसळ्या मारायला लागलं आणि त्या किंचाळून वर आल्या. त्या दिवसापासून त्यांना झोप नव्हती. हे असं त्याला झालं असेल का? किती वेळ झालं असेल? आणि एक गोष्ट त्या मला पुन्हा पुन्हा विचारायच्या, जशी काही मी तिथे होते. "त्यानं मला हाक मारली असेल का गं? लहानपणी पायात काटा घुसला तरी 'आये' म्हणून केवढ्यानं ओरडायचा."

एवढ्यासाठी ही बाई साठाव्या वर्षी श्वास रोखायला शिकली. पदक नको होतं, विक्रम नको होता. त्या उसळ्यांच्या पलीकडे काय आहे, तिथे माणसाला दुखतं का, तिथून हाक मारावीशी वाटते का, एवढंच त्यांना हवं होतं. हे कळलं त्या दिवशी मला खोली सोडून पळून जावंसं वाटलं. मी राहिले, कारण मी गेले असते तर त्या एकट्या गेल्या असत्या.

त्यांना शिकवणारा इन्स्ट्रक्टर त्यांच्या मुलाला ओळखत होता. महिन्यातून एकदा मुंबईत यायचा. त्यानंच अट घातली होती की जोडीला माणूस आणा, नाहीतर शिकवणार नाही. भराभर श्वास घ्यायचे नाहीत, हे तो कंठशोष करून सांगायचा. पाण्यात जाण्याआधी घाईघाईनं खूप श्वास घेतले की ती निकड, ते दार वाजणं मागे पडतं, पण छातीतला प्राणवायू काही वाढत नाही. मग माणूस सूचना न मिळताच बेशुद्ध होतो. कधी खाली, कधी वर आल्यावर. काकूंच्या मुलानं त्या दिवशी तेच केलं असावं, असा सगळ्यांचा अंदाज होता. मग बेशुद्ध माणसाला कसं सांभाळायचं ते इन्स्ट्रक्टर मला शिकवायला लागला, की काकू उठून चेंजिंग रूममध्ये जायच्या. दर वेळी. "तू शीक, मला काय करायचंय?" म्हणायच्या. त्यांना ते बघवत नव्हतं. मी ते धडे एकटीनं शिकले.

अंधेरीच्या एका क्लबमध्ये छोटी स्पर्धा झाली, तेव्हा इन्स्ट्रक्टरनं काकूंचं नाव घातलं. सगळी पंचविशी-तिशीतली पोरं, सडपातळ, पायांत हातभर लांब फिन्स. त्यांच्यात आमच्या काकू, मी शिवलेला सूट घालून, कपाळावर टिकली. आल्या आल्या पोरांनी त्यांना गराडा घातला. बरेच जण त्यांच्या मुलाचे मित्र निघाले. काकूंनी डब्यातून तांदळाचे घावणे नेले होते. ते कुणी खाल्ले नाहीत, कारण स्पर्धेआधी कुणी खात नाही. काकूही हे विसरल्या होत्या आणि मीही.

स्पर्धेत एक विचित्र नियम असतो. वर आल्यावर नाकाची क्लिप काढायची, बोटांनी खूण करायची आणि पंचाकडे बघून 'आय ॲम ओके' म्हणायचं. ठरलेल्या सेकंदांत, याच क्रमानं. माणूस खरंच शुद्धीवर आहे हे पंचाला दिसावं म्हणून. पाण्यात कितीही वेळ राहा, हे जमलं नाही तर सगळं बाद. घरी आम्ही याची तालीम केली होती. टेलिफोन खात्यातल्या बाईला इंग्रजी वाक्याचं काय कौतुक?

काकू पालथ्या झाल्या. वेळ जात राहिला, उसळ्या सुरू झाल्या, त्या टिकून राहिल्या, आणि त्यांच्या वयाच्या कुणी आपल्याकडे केला नसेल असा वेळ लावून वर आल्या. मी आनंदानं रडायच्या बेतात. क्लिप काढली. खूण केली. समोर पंच म्हणून एक पोरगा वाकून त्यांच्या तोंडाकडे बघत होता. काकू म्हणाल्या, "आय ॲम..." आणि थांबल्या. त्याच्याकडे नुसत्या बघत राहिल्या. मी कठड्यावरून ओरडले, "काकू, बोला." त्या बोलल्या नाहीत. वेळ संपली, त्या पोरानं लाल कार्ड वर केलं, आणि मग तोच तोंड फिरवून उभा राहिला.

रिक्षात मी चिडले होते. "एक शब्द, काकू. एका शब्दासाठी घालवलंत सगळं."

"येत नव्हतं असं नाही," त्या म्हणाल्या. "तो पोरगा माझ्या मुलाच्याच वयाचा. माझ्या तोंडाकडे डोळे लावून उभा, की ही बाई ठीक आहे म्हणतेय का. त्याच्या तोंडावर कसं खोटं बोलू?"

त्यानंतर काकू गप्प गप्प झाल्या. जाहिरातींतही नुसत्या बसून राहायच्या. एकदा म्हणाल्या, "मी नेहमी वेळेत वर येते. उसळ्या आल्या की मोजते आणि येते. पुढे काय आहे ते कसं कळणार?" मी स्पष्ट सांगितलं, "काकू, पुढे जायचं असेल तर मी येणार नाही." त्या म्हणाल्या, "बरं." त्यांनी इतक्या मुकाट्यानं ऐकलं तेव्हाच मला शंका यायला हवी होती, पण काकूंसारखं माणूस ऐकतंय याचाच मला आनंद झाला.

मग ती सकाळ. नेहमीसारखी बायकांची बॅच, नेहमीचा कोपरा. मी टोपीत केस कोंबत होते. मागून धापा टाकल्यासारखा आवाज आला. वळून बघते तोवर काकू पालथ्या झालेल्या. माझ्या लक्षात आलं नाही, वाटलं कुणीतरी पोहून दमलं असेल. मी बोट लावलं, त्यांचं बोट वर आलं. थोड्या वेळानं पुन्हा लावलं, पुन्हा वर आलं. एव्हाना पाठीवर उसळ्या दिसायला हव्या होत्या. दिसत नव्हत्या. पाठ कशी शांत, गादीवर झोपलेल्या माणसासारखी. मला ते बरं वाटेना. मी जवळ सरकले, आणि तेवढ्यात काकूंनी आपणहून डोकं वर काढलं. एक श्वास घेतला. माझ्याकडे बघून हसल्या.

ओठ निळे होते. डोळे माझ्याकडे होते, पण बघत नव्हते. आणि तसंच हसत हसत त्यांनी मान टाकली.

मी धरलं. काय करायचं ते इन्स्ट्रक्टरनं इतक्या वेळा घोटून घेतलं होतं की माझे हात माझ्याआधीच चालायला लागले. काही होईना. मी पुन्हा केलं. मग घोरल्यासारखा एक मोठा आवाज करत काकूंनी श्वास ओढला, आणखी एक ओढला, आणि तोंडावर रंग यायला लागला. लाइफगार्ड धावत आली तोवर त्या डोळे उघडून माझ्याकडे रागानं बघत होत्या. पलीकडच्या बायकांना काही पत्ताच नव्हता.

"सोड," काकू म्हणाल्या. "अशी काय झोंबतेस अंगाला?"

"काकू, तुम्ही बेशुद्ध झालात."

"डोंबल. मी वर आले, श्वास घेतला, हसले तुझ्याकडे बघून. आणि तू येऊन धरलंस."

"मधे तुम्ही मान टाकलीत."

"काही टाकली नाही. मला कळणार नाही?"

आम्ही पायऱ्यांवर बसून भांडत होतो. नुकती शुद्धीवर आलेली ही बाई माझ्याशी वाद घालत होती. लाइफगार्ड खाली बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "काकू, मी वरून बघितलं. तुम्ही गेला होतात. आणि आधी धापा टाकत होतात तेही बघितलं."

काकू तिच्याशीही भांडायला तोंड उघडत होत्या. उघडलेलं तोंड तसंच राहिलं.

"मग मला का नाही कळलं?" त्या म्हणाल्या.

काकू पाण्याकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "दार वाजलंच नाही गं. काही दुखलं नाही. मी हसत होते, आणि मग तू मला धरलं होतंस. मधे काहीच नाही. अंधारसुद्धा नाही. मधे मी नव्हतेच." माझा दंड त्यांनी घट्ट पकडला. "म्हणजे त्यालाही कळलं नाही. खरंच सांगत होते सगळे. त्यानं मला हाक मारली नाही."

"नाही मारली काकू."

"मी झोपले होते आणि त्यानं हाक मारली नाही," असं म्हणून काकू रडायला लागल्या. ते रडणं मोकळं होतं, अंगावरचं ओझं उतरवून ठेवल्यासारखं. मीही रडले. लाइफगार्ड मुलगी उगाच शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसली. त्यानंतर काकू पुन्हा कधी पाण्यात उतरल्या नाहीत. मी पुढे वर्षभर त्या घरात राहिले, पण तो विषय तिथेच संपला, आणि संपला तो त्याच सकाळी, तलावाबाहेरच्या चहाच्या टपरीवर.

काकूंनी चहा मागवला, बनमस्का मागवला. पोहायच्या दिवशी चहा निषिद्ध होता, त्यांनी दोन घेतले. चेहरा असा निवांत मी कधीच पाहिला नव्हता. मला वाटलं, सुटली बाई. देवा, सुटली एकदाची. मला इतकं बरं वाटलं की चहावाल्यालाच मिठी मारावी.

"तू काय केलंस गं मला?" काकूंनी सहज विचारलं. "छाती दाबलीस?"

"छे. तशी वेळच आली नाही."

"मग तोंडातून हवा दिलीस?"

"नाही हो. हनुवटी धरून तोंड पाण्याच्या वर ठेवलं. नाकाची क्लिप काढली. डोळ्यांखाली फुंकर मारली आणि तुमचं नाव घेऊन हाक मारली. तसंच शिकवलंय."

"आणि?"

"आणि काय? तुम्ही श्वास घेतलात."

काकूंनी बनमस्का बशीत ठेवला. "एवढंच?"

तोंडातून निघून गेल्यावर मला कळलं की मी काय सांगून बसले. पण आता खोटं काय बोलणार? "एवढंच काकू."

"तो वर आला होता," त्या म्हणाल्या. "नाकाची क्लिप काढून हातात होती त्याच्या. मित्र म्हणाला मला. म्हणजे वर येऊन एक श्वास घेतला असेल त्यानं, माझ्यासारखाच."

टपरीवर पोरं मोठमोठ्यानं हसत होती, रिक्षावाले वळणावर भांडत होते. काकूंनी आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"फुंकर मारायची होती फक्त," त्या म्हणाल्या. "फुंकर तर मला येत होती गं."